म्हाताऱ्या मनीचे दुखणे आणि आमची वारी

कीर्तनात नाथमहाराजांच्या कावडीची कथा निघाली की आपण सारेच डोळे पुसतो. रामेश्वराला वाहावयाची गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातली, हे ऐकून कोणाला गहिवर येणार नाही? आम्हांसही तो दर खेपेस येत असे. परंतु ती कावड आपल्या खांद्यावर असती तर आपण काय केले असते, हे आम्ही स्वतःला कधी विचारले नव्हते. गेल्या ज्येष्ठात ते आमच्या घरातल्या एका मांजरीने विचारले, म्हणून हा लेखप्रपंच. मांजरीवर लेख कसला लिहायचा, असे कोणी म्हणतील. म्हणोत बापडे.

मनी आमच्याकडे आली तेव्हा मुठीएवढी होती. माळ्यावरच्या जोंधळ्याला उंदीर लागले होते, म्हणून आणली. म्हणजे आणली ती आमच्याच कामासाठी. त्याला सोळा वर्षे झाली. टाळ वाजू लागला की मांजरे पळतात, पण ही हरिपाठाच्या वेळी घोंगडीच्या कोपऱ्यावर येऊन बसे. तिला नामाची गोडी होती असे आम्ही म्हणणार नाही. घोंगडी उबदार होती, एवढे खरे.

वैशाखापासून ती पाणी फार पिऊ लागली. उन्हाळाच आहे, असे म्हणून आम्ही वाडगा मोठा ठेवला आणि पाणी पिते आहे त्या अर्थी प्रकृती बरी आहे, असे समजून स्वस्थ राहिलो. पाठीचा कणा हाताला लागू लागला होता, तेही वयावर ढकलले. पुढे दिंडीत सामील व्हायला लोणंदला निघण्यास पाच दिवस उरले असता, एका सकाळी ती ओट्यावरून उतरताना भिंतीवर आपटली. उजेडात तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक व्हायला हव्यात, त्या पूर्ण उघड्याच. एका रात्रीत दृष्टी गेली होती.

टोपलीत घालून तिला तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेले. रांगेत गाई-म्हशीवाले होते. "माउली, मांजराला पण दवाखाना?" एक जण म्हणाला. आम्हांला जरा लाजल्यासारखे झाले, हे कबूल करतो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी रक्त तपासावयास पाठविले आणि नीट समजावून सांगितले. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडे थकतात. लघवी घट्ट करण्याची ताकद जाते, पाणी वाहून जाते, म्हणून मांजर सारखे पाणी पिते. त्यातच रक्तदाब चढतो आणि डोळ्यांच्या मागचा पडदा सुटून एकाएकी आंधळेपण येते. मांजर आपले दुखणे शेवटपर्यंत लपवून ठेवते, त्यामुळे जे एका रात्रीत झाले असे वाटते ते महिनोन् महिने चाललेले असते. बरे होण्याचे हे दुखणे नव्हे. पण रक्तदाबाच्या गोळीचा बारीक तुकडा रोज, कातडीखाली सलाईन, आणि पोटात काहीतरी गेले, तर काही दिवस सुखाचे जातील. अंगावर शहारे आणणारी एक गोष्टही त्यांनी सांगितली. मनीचे अंग तापले आहे असे वाटून आदल्या रात्री आम्ही घरातली पॅरासिटामॉलची गोळी पाण्यात उगाळून द्यायला निघालो होतो; ती मांजराला विष आहे. झोपेने आम्हांला आवरले, म्हणून ते पाप टळले.

आता खरी अडचण पुढेच होती. "ती काय खाईल ते द्या," डॉक्टर म्हणाले, "मासळी, कोंबडीचे पाणी, काहीही. उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस मांजर उपाशी राहिले तर यकृतही बिघडते." आमच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात तीन पिढ्या अंडेसुद्धा आलेले नाही. मनी सोळा वर्षे दूध-भाकरीवर वाढली, असेच आम्ही अभिमानाने सांगत असू. डॉक्टरांनी तो अभिमानही उतरविला. मांजराच्या देहाला टॉरिन नावाचे एक द्रव्य लागते, ते त्याला स्वतःला पुरेसे तयार करता येत नाही आणि ते मिळते मांसातूनच. म्हणजे दूध-भाकरी आमच्या समाधानासाठी होती. मनी जगली ती उंदरांवर. आमच्या माळ्यावरची हिंसा सोळा वर्षे आमच्याच धान्यासाठी चालली होती आणि तिच्याकडे आम्ही पाहत नव्हतो. आता आंधळ्या मांजरीला उंदीर मिळणार नव्हता, म्हणून हिंसा दाराशी येऊन आमचे नाव विचारू लागली.

दोन रात्री झोप लागली नाही. एका जिवाला जगविण्यासाठी दुसरा जीव, हा हिशेब माळकऱ्याने कसा मांडावा? आम्हांला तो आजही मांडता आलेला नाही. एवढेच दिसले की माळ आमच्या गळ्यात आहे, तिच्या नाही. व्रत आम्ही घेतले. त्याचा उपवास तिने का सोसावा? तालुक्याहून मांजरांच्या खाण्याची पाकिटे आणली. ती गोठ्याच्या पडवीत उघडायची, वेगळ्या बशीत, आणि मग आंघोळ. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी घालते की, तुम्ही कशाला हात लावता?" सोय चांगली होती. पण दोष शेजारणीच्या हाताने करून पुण्य आपल्या खात्यावर ठेवायचे, हे मनाला पटेना. आम्हीच घातले.

तोवर निघण्याचा दिवस आला. आमच्या दिंडीतील एक वृद्ध बुवा मुद्दाम घरी आले. त्यांनी भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरतराजाची आठवण दिली. राज्य सोडून तपाला बसलेला भरत, नदीत वाहून चाललेले हरणाचे पाडस त्याने उचलले, त्याच्यात जीव गुंतला, आणि अंतकाळी तेच डोळ्यांपुढे आल्याने पुढचा जन्म हरणाचा मिळाला. "माउली, बावीस वाऱ्या झाल्या. मांजरापायी तेविसावी मोडता? हा मोह आहे."

बुवांचा अधिकार मोठा, त्यांना उलट बोलण्याची आमची योग्यता नाही. पण पुढे विचार करता असे वाटू लागले की भरताने पाडसाला पाण्यातून उचलले, त्यात काय चुकले? न उचलता तो जप करीत काठावर बसला असता, तर त्याची कथा कोणी सांगितली असती का? चुकले असेल ते पुढे, 'माझे, माझे' म्हणण्यात. आणि मग 'माझे' हा शब्द शोधू गेलो, तर तो मनीपाशी थोडा आणि त्या बावीस आकड्यापाशी फार सापडला. दरवर्षी पंढरीहून आल्यावर आम्ही तो आकडा गावात कितीदा सांगितला असेल!

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी लिहिताना हात अडतो. यंदा आमच्या सौ. प्रथमच पायी येणार होत्या. बावीस वर्षे आम्ही निघालो, तेव्हा मागे गाय, म्हातारी आई, मुले आणि मनी यांना सांभाळायला कोणीतरी होते, म्हणूनच निघालो. ते कोणीतरी कोण, हे आम्ही कधी मोजले नाही. मनीच्या दुखण्याचे कळताच त्यांनी आपली पिशवी न बोलता खुंटीवरून काढून आतले लुगडे पुन्हा पेटीत ठेवले. "तुम्ही जा, मी बघते," एवढेच म्हणाल्या. ते वाक्य आम्ही बावीस वेळा ऐकले होते; ऐकू या वेळी आले. त्या गेल्या, आम्ही राहिलो.

मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सुई घालावयास आम्ही शिकलो. शंभर मिली पाणी कातडीखाली जाते, उंटासारखे छोटे कुबड येते आणि काही तासांत जिरते. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी, म्हणजे मनी अंग काढीत नाही. घरातले काही हलवायचे नाही, कारण आंधळे मांजर मिशांनी आणि आठवणीने चालते. हे सर्व करताना मन फार शुद्ध होते, असे कोणी समजू नये. नवव्या रात्री तिसऱ्यांदा गोधडी धुवावी लागली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले शेवटचे इंजेक्शन आठवले. त्या वेळी मनी शांत निजलेली होती. दुखत होते ते आमचे गुडघे. ही गोष्ट लक्षात आली आणि फार शरम वाटली.

सौ. द्वादशीनंतर एस्टीने परत आल्या. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून मनीने मान उचलली. त्यानंतर सहा दिवस बरे गेले. मग अन्न सुटले, तोंडात फोड आले आणि एका दुपारी झटके सुरू झाले. ते थांबेनात. डॉक्टर घरी आले, म्हणाले, आता औषध उरले नाही, वेदना उरली आहे. आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग दुसरे. मनी सौ.च्या मांडीवर होती. आम्ही नाम घेत होतो. तिच्यासाठी की स्वतःसाठी, सांगता येत नाही.

हे बरोबर केले का? दिंडीतील काहींना ते रुचलेले नाही. जीव देणारा तो, घेणारे तुम्ही कोण, असे त्यांचे म्हणणे, आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नाही. नवव्या रात्री ते केले असते तर हत्याच झाली असती, हे मात्र आम्ही जाणतो. त्या दुपारी केले ते काय होते, हे वाचक माउलींनी आपापल्या मनाशी ठरवावे. बुवांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुरली कुठे?" जुन्नर तालुक्यात आळे गावी माउलींच्या रेड्याची समाधी आहे, तेथे आपण सारेच माथा टेकवितो. आम्ही परसातल्या पारिजातकाखालची जागा दाखविली. बुवा काठी टेकीत तेथवर गेले.

कार्तिकीला दोघांनीही निघायचे ठरले आहे. गाय शेजारचे बघणार आहेत. तिचेही वय झालेच आहे.