यात्रेचं देणं

गुढी उतरली की आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रांचा हंगाम लागतो. कुणाचा भैरवनाथ, कुणाचा खंडोबा, कुणाची मुक्ताबाई, कुणाची काळूबाई. ज्या त्या गावाची तिथी ठरलेली. कांदा बराखीत पडलेला असतो, गहू घरात आलेला असतो, मुंबई-पुण्याकडं पोटासाठी गेलेली माणसं रजा काढून येतात. पहाटे अभिषेक, सकाळी मांडवडहाळे, नवसाची शेरणी, दुपारी घाटात बैलगाडे, संध्याकाळी पालखी, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी हजेरी नि कुस्त्यांचा आखाडा. शेतकऱ्याच्या वर्षातला हा एकच दिवस असा, की त्या दिवशी कुणी रानात जात नाही.

पण ज्या घरात यात्रा असते, त्या घरात आणखी एक गोष्ट असते. हिशेब. तो वहीत नसतो, डोक्यात असतो. कोण मागच्या वर्षी आपल्याकडं जेवून गेलं, कुणाच्या यात्रेला आपण गेलो, कुणी चूलबंद आवतण दिलं होतं, म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आता त्यांना तसंच आवतण गेलं पाहिजे. कुणी आपल्या माणसाला टॉवेल-टोपी केली, त्याला परत करताना टॉवेल हलका नको. बोकड किती किलोचा, हे शेजारी मोजतात. गावची वर्गणी वेगळी, तमाशाची सुपारी वेगळी, पोरांचे कपडे वेगळे. बँकेत ठेवलेल्या पैशाचा हिशेब एक वेळ चुकेल, हा चुकत नाही.

माझी आई या हिशेबाची चाळीस वर्षं हमाल होती. यात्रेच्या दिवशी ती रात्री तीनला उठायची. माळकरी पाव्हण्यांसाठी मासवडी लागायची. मासवडी खाणाराला दोन घासांची, करणाराला चार तासांची. बेसन शिजवायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण पसरायचं, फडक्यासकट वळायचं, मग वड्या पाडायच्या. बाकीच्यांसाठी मटणाचं पातेलं वेगळ्या चुलीवर. आणि बाजरीच्या भाकरी, त्यांना तर गणतीच नाही. पंगती उठत राहायच्या, ताटं घासून परत मांडली जायची. बायका शेवटी जेवायच्या, तेव्हा रस्सा तळाला गेलेला असायचा आणि भाकरी वाळून कडक.

घाट आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर. बारी सुटली की लाउडस्पीकरवरचा ‘भिर्रर्र’ स्वयंपाकघरात यायचा. आईला आवाजावरून कळायचं, बारी चांगली गेली की बैल मधेच फुटले. सेकंद पुकारले की ती भाकरी थापता थापता मान हलवायची. पण चाळीस वर्षांत तिनं घाट पाहिला नव्हता. तिला पाहायचा होता का, हे कुणी विचारलंही नव्हतं.

आपल्याकडं सणांच्या खर्चावर बोलणारे पुष्कळ झाले. ‘ऋण काढून सण’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याच्या पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत आणि वर्षातल्या प्रत्येक सणावाराला धर्माच्या नावाखाली शेतकरी कसा नागवला जातो, ते सांगितलं आहे. त्यांचं बोट दक्षिणा मागणाऱ्याकडं होतं. उलट बाजूनं सावकार आणि सरकारी साहेब म्हणायचे, कुणबी लग्नात नि सणात पैसा उधळतो म्हणून बुडतो. पण 1875 साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, तेव्हा नेमलेल्या चौकशी समितीचं मत वेगळं पडलं. लग्न-सणांच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तेवढं महत्त्व दिलं गेलंय, असं तिनं म्हटलं. मला हे पटतं. आमच्या गावात यात्रेपायी शेत गेलेला माणूस मला माहीत नाही. भाव पडून, बोअर कोरडी जाऊन, दवाखान्यापायी गेलेले माहीत आहेत.

मग यात्रा जड का होते? पैशानं होते ती थोडी. जास्त होते ती ‘लोक काय म्हणतील’ यानं. ज्या दिवशी सुख भेटायला यावं, त्याच दिवशी माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. पाव्हणा जेवून ‘लई झ्याक झालं’ म्हणाला की पास.

ही गाठ आपोआप सुटण्याची वेळ दोनदा आली. पहिली 2014 साली. 7 मेला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. घाट ओस पडले. शर्यतीला परवानगी परत मिळाली ती डिसेंबर 2021 मध्ये, अटी घालून, आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. मधल्या वर्षांत गाडे नसले तरी पाव्हणे येत राहिले, चुली पेटत राहिल्या. पुरुषांचा खेळ थांबला, बायकांचं काम थांबलं नाही.

दुसरी वेळ 2020 ची. पाडवा 25 मार्चला होता, त्याच्या आदल्या रात्री देश बंद झाला. आमच्या यात्रेला देवळात पुजारी आणि दोन माणसं. ना मांडव, ना पालखी, ना पाव्हणा. त्या दिवशी आईनं कुळथाची शेंगोळी केली. आम्ही घरातली पाच माणसं ओट्यावर बसलो. वहिनी भाकरी करून तव्यावरची एकेक ताटात टाकत होती. आईनं पहिला घास मोडला, वाफ निघाली, तशी ती थांबली आणि म्हणाली,

“आरं, यात्रेला गरम भाकर म्या पयल्यांदाच खातेय.”

आम्ही कुणी काही बोललो नाही. ती मात्र सावकाश दोन भाकरी जेवली. मग पाय पसरून भिंतीला टेकली आणि कडुनिंबाच्या मोहराचा वास येतोय म्हणाली. तो झाड दारातलंच, दर चैत्रात मोहरणारं.

इथंच गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती सत्तरीची. तिच्या सासरी तिला वर्षातून एकदाच माहेरी मोकळं सोडायचे, ते यात्रेला. फोनवर ती बोलेना, नुसती हुंदके देत होती. आईला जो दिवस ओझं होता, तोच तिला सुटका होता. आणि तिकडं नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं येऊन सुपारी देतात. त्या साली सुपारीच नाही. आमची शांत यात्रा म्हणजे फडातल्या माणसांची रिकामी चूल होती. आपण एखादं बंधन सोडतो, तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी धरून उभं आहे का, हे बघावं लागतं.

डिंभ्याच्या धरणात मूळ आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव ज्या गावाचं, ते गाव पाण्याखाली आणि कचेरी घोडेगावात. त्या खोऱ्यातून उठलेले एक म्हातारे बाबा मला बाजारात भेटायचे. यात्रेच्या खर्चावर मी कुरकुर केली तशी ते म्हणाले, “तुमाला वझं हाय त्याचं. आमाला वझं घ्यायला गावच न्हाय.” त्या बोलण्यावर मला आजही उत्तर नाही.

म्हणून यात्रा सोडायची असं माझ्या मनात कधी आलं नाही. सोडायचा तो हिशेब. 2022 ला यात्रा परत दणक्यात भरली, तेव्हा आम्ही भावांनी बसून ठरवलं. आवतण सगळ्यांना, पण टॉवेल-टोपी, साडी-चोळी देणं नाही आणि घेणं नाही. बोकड नाही. एक आमटी, एक भात, भाकरी. मासवडी ज्याला हवी त्यानं वळायला बसायचं, पुरुषांनीसुद्धा. दुपारी दोनला चूल बंद, नंतर येईल त्यानं झाकलेलं वाढून घ्यायचं. आईला हे आवडलं नाही. “माझ्या घरची अब्रू घालवता का रं?” म्हणाली. पण दोनला भावानं तिला गाडीवर बसवून घाटात नेलं. ती उन्हात डोक्यावर पदर धरून चार बाऱ्या बघून आली. कशा वाटल्या विचारलं, तर म्हणाली, “आवाजावरून जास्त जोरात वाटायच्या.”

आत्या आली होती. तिला साडी मिळाली नाही याचं तिला काही नव्हतं. ती रात्री आईशेजारी झोपली आणि दोघी पहाटेपर्यंत बोलत होत्या. पूर्वी आईला बसायला फुरसतच नसायची.

सगळे मात्र खूश झाले नाहीत. एका मामांना टोपी घातली नाही म्हणून राग आला. ते जेवले, पण पुढच्या वर्षापासून यायचे बंद झाले. आईला ते लागलं. माणूस तुटलं तर सुटसुटीतपणाला काय करायचं, असं ती म्हणते, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. हिशेब सोडायचा म्हटलं की तो आधी आपल्या बाजूनं सोडावा लागतो. ते आले नाहीत म्हणून आपण जायचं नाही, हाही हिशेबच झाला.

मामांच्या गावची यात्रा चैत्र वद्य अष्टमीला असते. त्यांनी आवतण पाठवलेलं नाही. आम्ही आईला घेऊन जाणार आहोत. सकाळी लवकर जाऊ, मामींना भाकरी करू लागू.