इतर हक्क

बँकेत बावीस वर्षं खर्डेघाशी केली की माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू दिसली की ती कुणाच्या नावावर आहे, हे तो आधी विचारतो. मासा मात्र या खोडीला दाद देत नाही. त्याचा पत्ता कायम नसतो, सहीचा नमुना नसतो आणि वारसाचं नाव तर तो कधीच लावत नाही.

आम्ही राहतो मांजर्लीत. बदलापूर पश्चिमेचा हा भाग उल्हास नदीला इतका जवळ की आम्ही नदीवर गेलो नाही, तर नदीच आमच्याकडे येते. २६ जुलै २००५ ला आली, २७ जुलै २०१९ ला आली. त्या दुसऱ्या खेपेला तर तिने वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून ठेवली होती. आमच्या फाटकावर ‘परवानगीशिवाय प्रवेश बंद’ अशी पाटी आहे. नदीला वाचता येत नसावं.

पूर्वी इथे भाताची खाचरं होती. मृगाचा पहिला दणका बसला, ओढे भरले, की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर चढत आणि खाचरांतल्या उथळ पाण्यात शिरत. त्यालाच वलगण म्हणतात. मग रात्री बत्त्या, टोपल्या, कोयते घेऊन गावच्या गाव शेतात उतरे. शेत कुणाचं, हे कुणी विचारत नसे. आता खाचरांवर आमचे तीन मजले उभे आहेत, पण मागच्या अंगाला ओढ्याचा एक तुकडा उरलाय. मासे अजून त्या जुन्याच पत्त्यावर येतात. आणि त्यांच्या मागोमाग येतात एक कातकरी बाबा.

गेल्या जूनमध्ये कमिटीत त्यांच्याविरुद्ध ठराव आला. चोऱ्या होतात, मुलं घाबरतात, शिवाय मासे गाभोळीचे असतात, ते मारणं म्हणजे पुढची पिढी मारणं. हा शेवटचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त तो मांडणारे गृहस्थ बाजारात गाभोळीसाठी दोन जादा नोटा मोजतात, एवढंच. आपल्या सोसायटीचं सांडपाणीही त्याच ओढ्यात जातं आणि त्याने किती पिढ्या मारल्या, हे मी विचारणार होतो. पण चहा आला.

ठराव पास झाला. मागच्या फाटकाची किल्ली जॉइंट सेक्रेटरी या नात्याने माझ्याकडे आली. बाबांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं.

“बाबा, ही खासगी जागा आहे.”

“हा. पन मासं तुमचं नाय, भाऊ. नदीचं हाय. मला नुसती वाट पायजे. माजा बाप इथंच धरायचा.”

मी कॉमर्सचा माणूस. मर्कंटाइल लॉ छत्तीस मार्कांनी सुटलो होतो, तरी पुस्तकं काढली. १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार वहिवाट केली तर दुसऱ्याच्या जमिनीवर हक्क मिळू शकतो. मला आनंद झाला. पण तो हक्क जमीनमालकाला, त्याच्या जमिनीच्या उपभोगासाठी मिळतो. म्हणजे वाट हवी असेल तर आधी शेत हवं! बाबांकडे टोपली होती. आता राहिली रूढी. १८९७ च्या मत्स्य कायद्यात इंग्रजाने खासगी पाण्याची व्याख्या करताना लिहिलं होतं की रूढीने इतरांना तिथे मासेमारीचा हक्क असला, तरी तेवढ्याने पाण्याचं खासगीपण जात नाही. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकतात, एवढं त्या साहेबालाही कळत होतं. तिकडे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९८५ च्या कायद्याने ट्राउटवाल्यांना प्रवाहात कुठेही गळ टाकायची मुभा दिली. मात्र प्रवाहापर्यंत पोचायला दुसऱ्याचं शेत तुडवायची मुभा दिली नाही. पाणी सगळ्यांचं, पण पाण्यापर्यंतची चार पावलं कुणाची, हा घोळ तिकडेही आहेच.

सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ म्हणून एक रकाना असतो. मी आमच्या जागेचा जुना उतारा काढून पाहिला. त्यात एका कर्जाचा बोजा होता, फेडलेला. बाबांचा बाप नव्हता. खाचर विकलं तेव्हा मालकाला पैसे मिळाले, बिल्डरला मिळाले, मला घर मिळालं. बाबांची वाट त्या व्यवहारात कुणी विकली नव्हती आणि कुणी विकतही घेतली नव्हती. ती नुसती हिशेबातून गळली. आमच्याकडे कॅशमध्ये पाच रुपये कमी पडले तर रात्री नऊपर्यंत बसवतात.

हे सगळं हिला ऐकवलं. ती म्हणाली, “मग कुलूप लावणार की नाही, तेवढं सांगा. पाऊस आलाय.”

त्या रात्री मी कुलूप घेऊन मागे गेलो. बाबा कंपाउंडच्या बाहेर, डोक्यावर खताची पिशवी घेऊन उभे होते. आत ओढ्यात काहीतरी फडफडलं. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं.

“अंडीवाल्या सोडाल?” मी विचारलं.

“मोठ्या सोडीन,” बाबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “एकादी घेईन.”

पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात माझ्या अक्षरात नोंद आहे : ‘मागील फाटकाचे कुलूप गंजल्यामुळे बसत नाही. नवीन कुलपासाठी तीन कोटेशने मागवावीत.’ दोन आली आहेत.