हात आणि अनुमति

इंग्रजींत 'कन्व्हिक्शन' असा एक शब्द आहे. न्यायालयांत त्याचा अर्थ दोषसिद्धि, न्यायालयाबाहेर दृढ निष्ठा. टेरी निकोल्स या अमेरिकन माणसाची हकीकत वाचतांना हे दोन्ही अर्थ मला एकत्र भेटले. आणि नीतिशास्त्राच्या वर्गांत ज्या प्रश्नाचें उत्तर मी अनेक वर्षें सहज देत आलों, तें तितकें सहज राहिलें नाहीं.

निकोल्सचा जन्म 1955 सालचा, मिशिगन राज्यांतील शेतकरी कुटुंबांत. हातीं घेतलेला एकहि धंदा नीट जमला नाहीं. 1988 सालीं, तेहतिसाव्या वर्षीं, तो सैन्यांत शिरला व तेथें वयानें बराच लहान असलेल्या टिमथी मॅकव्हेशीं त्याची मैत्री जडली. सरकार हाच आपला शत्रु, हें दोघांचें मत. निकोल्सनें तर नागरिकत्व सोडल्याचेंच लेखी जाहीर केलें. त्याच सुमारास बँकांचें देणेंहि थकलें होतें. निष्ठा आणि सोय यांचा असा संगम जगांत पुष्कळदां घडतो.

1993 च्या 19 एप्रिलला टेक्सासमध्यें वेकोजवळ एका पंथाच्या वसतीला पडलेल्या सरकारी वेढ्याचा शेवट आगींत होऊन सत्तरांहून अधिक माणसें मेलीं. 1995 सालीं बरोबर त्याच तारखेला मॅकव्हेनें ओक्लाहोमा सिटींतील सरकारी इमारतीपुढें स्फोटकांनीं भरलेली मालमोटार उडविली. 168 जीव गेले. त्यांत 19 मुलें होतीं, बहुतेक त्या इमारतींतील पाळणाघरांतलीं. त्या सकाळीं निकोल्स दूर कॅन्सासमध्यें हेरिंग्टन गांवीं आपल्या घरीं होता. सामान जमविण्यांत त्याचा हात होता. स्फोटक तयार करण्यास मदत केल्याचेंहि त्यानें पुढें तुरुंगांतून कबूल केलें. शेवटच्या वाटेवर मात्र तो गेला नाहीं.

या न जाण्याचें मोल किती? 1997 सालीं डेन्व्हर येथील ज्यूरीनें त्याला कटाबद्दल दोषी ठरविलें, पण खुनाच्या आरोपांतून सोडून आठ सरकारी अंमलदारांच्या मृत्यूंना केवळ अनिच्छेनें घडलेला मनुष्यवध म्हटलें. 2004 सालीं ओक्लाहोमा राज्याच्या न्यायालयांत, उरलेल्या मृतांबद्दल, दुसऱ्या ज्यूरीनें त्याच माणसाला 161 खुनांचा अपराधी ठरविलें. देहदंडावर मात्र तिचेंहि एकमत झालें नाहीं. कृत्य एकच, पण एका ज्यूरीला त्यांत खून दिसला नाहीं, दुसरीला दिसला.

आमच्या आपस्तंबानें कर्माच्या फलांत करविणारा, अनुमति देणारा आणि करणारा असे तिघेहि भागीदार मानले, व ज्याचें कर्तृत्व अधिक त्याला फल अधिक, असें सांगितलें. वर्गांत मी हें समाधानानें सांगत असें. आतां शंका येते. जो मोटार घेऊन गेला, त्याला निदान ती इमारत डोळ्यांनीं पाहावी लागली. जो घरीं राहिला, त्याला कांहींच पाहावें लागलें नाहीं. आणि त्याच्या स्वतःच्या घरांत लहान मुलगी होती. हात मागें घेतला म्हणजे अनुमति मागें घेतली असें होत नाहीं. उलट हात स्वच्छ दिसतो, म्हणून अनुमतीकडे पाहण्याचेंच राहून जातें.

मायकेल फॉर्टियर हा दोघांचा सैन्यांतील सोबती. त्याला बेत ठाऊक होता, पण त्यानें सरकारला सावध केलें नाहीं. त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. खरें सांगावयाचें तर मला निकोल्सपेक्षां हा माणूस अधिक छळतो. एका समितींत माझ्या देखत एका गरीब विद्यार्थ्यावर ढळढळीत अन्याय झाला. मीं ठरावावर सही केली नाहीं, आणि तोंडहि उघडलें नाहीं. सही न केल्याचा मला कित्येक दिवस अभिमान वाटत होता.

स्फोटानंतर दोन दिवसांनीं, बातम्यांत आपलें नांव ऐकून, निकोल्स आपण होऊन हेरिंग्टनच्या पोलिस ठाण्यावर गेला. गांव अगदीं लहान आहे. ठाण्याचा रस्ता त्याला आधींहि ठाऊक होता.