पाठमोरा मुलगा आणि आपली जयंती



बेसिंगस्टोकच्या आपल्या जयंतीच्या तयारीच्या बैठकीत यंदा एक प्रश्न निघाला आणि बैठक संपली तरी तो संपला नाही. हॉलचं भाडं, खीर कोण करणार, मुलांची भाषणं किती मिनिटांची, हे सगळं नेहमीसारखं अर्ध्या तासात उरकलं. मग एका ताईंनी सुचवलं की त्यांच्या ओळखीच्या दोन पॅलेस्टिनी बायका भरतकाम करतात, त्यांना आपल्या कार्यक्रमात एक टेबल द्यावं. त्यांनी आपल्या कापडांबद्दल चार शब्द सांगावेत, त्यांच्या पोरांनी दबके हा त्यांचा समूहनाच करून दाखवावा. एवढंच.

पुढचा पाऊण तास काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. बाबासाहेबांच्या जयंतीत दुसऱ्यांचं राजकारण कशाला, असं एक म्हणाले. व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांना त्रास झाला तर, असं दुसऱ्यांनी विचारलं. ही भीती खोटी नाही आणि तिला हसणं सोपं आहे, म्हणून मी हसत नाही. तिसऱ्यांनी बामियान काढलं: मार्च २००१ मध्ये बुद्धमूर्ती सुरुंग लावून कोणी उडवल्या? तालिबानने. पण त्याचा हिशेब गॅलिलीतल्या शेतकऱ्याच्या नातीकडे मागायचा असेल, तर जन्मावरून दोष ठरवणाऱ्या ज्या वहीत आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले, तीच वही आपण उघडतो आहोत. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली. त्यानंतर गाझात मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या पटीत मोजावा लागतो. मैत्रीभावना करताना आपण ‘सब्बे सत्ता’ म्हणतो, त्यात दोन्हीकडचे सत्त्व येतात. टेबल दिल्याने यातलं कुणी वगळलं जात नाही.

खरा अवघड आक्षेप चौथा होता. तो आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या दादांनी घेतला, आवाज न चढवता. ते म्हणाले, “ती माणसं गावासाठी रडतात. आपल्याला गाव कुठं होतं?”

यावर बैठकीत कुणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्यांचं गाव बघू. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. वालिद खालिदी या इतिहासकाराच्या १९९२ च्या ग्रंथात ओस पडलेल्या ४१८ गावांची नोंद आहे. यातली कित्येक गावं जमिनीवर उरली नाहीत, कापडावर उरली. त्यांच्या भरतकामाला तत्रीझ म्हणतात. फुली-फुलीच्या टाक्यात सुरूची झाडं, चंद्र, पक्षी असे नमुने असतात, आणि पूर्वी बाईचा झगा पाहून ती कुठल्या भागातली, कधीकधी कुठल्या गावची, हेही सांगता यायचं. बेथलेहेमची कलाबतू वेगळी, रामल्लाहचा पांढऱ्या तागावरचा लाल धागा वेगळा. पुढे छावण्यांत वेगवेगळ्या गावच्या बायका शेजारी-शेजारी आल्या, नमुने एकमेकींत मिसळले. १९८७ नंतरच्या उठावात, झेंडा फडकवायला बंदी असताना, त्यांनी झेंड्याचे रंग अंगावरच्या कपड्यात भरले. युनेस्कोने २०२१ मध्ये या कलेची नोंद घेतली, दबकेची २०२३ मध्ये. नोंद झाली हे चांगलंच, पण आई लेकीच्या हातात सुई देते ते त्यासाठी नव्हे.

आता आपलं गाव. त्याच १९४८ साली, ४ नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी संविधान सभेत भारतीय खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांना उभं-आडवं घेतलं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, असा त्यांचा रोख होता. त्यांना गावकुसाबाहेरून गाव दिसलं होतं. आमच्या घरातले देव आजोबांनी १९५६ नंतर गोदावरीत सोडले. येसकराची काठी सुटली त्याचं दुःख आमच्या घरात कुणी केलं नाही. ज्या वर्षी ते लोक गावाला मुकले, त्याच वर्षी आपल्याला गावातून सुटायचा रस्ता दाखवला जात होता. हा फरक खरा आहे. ‘तुमचं दुःख तेच आमचं’ असं म्हणत मंचावर गळ्यात गळे घालणं मला म्हणूनच पटत नाही. त्यांनाही ते पटेल असं वाटत नाही.

त्यात धम्माचा एक प्रश्न वेगळाच. सगळं अनित्य आहे म्हणणाऱ्यांनी नाहीशा झालेल्या गावाचा नमुना टाक्या-टाक्याने जपणाऱ्यांचा गौरव कसा करायचा? हे उपादान नाही का?

याचं उत्तर शोधताना मला धम्मपदाच्या अट्ठकथेतली विडुडभाची कथा आठवली. कोसलराज पसेनदीने शाक्यांची मुलगी मागितली. शाक्यांनी कुळाच्या गर्वाने दासीपोटी जन्मलेली वासभखत्तिया राजकन्या म्हणून धाडली. तिचा मुलगा विडुडभ आजोळी आला तेव्हा तो बसलेला पाट त्यांनी दुधापाण्याने धुऊन काढला. विटाळ! हे त्याला कळलं, आणि राजा झाल्यावर तो सैन्य घेऊन कपिलवस्तूवर निघाला. तथागत सीमेवर एका विरळ सावलीच्या झाडाखाली जाऊन बसले. पलीकडे विडुडभाच्या हद्दीत दाट वड होता. इथे उन्हात का बसलात, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की ज्ञातींची सावली थंड असते. तीनदा विडुडभ परतला. चौथ्यांदा तथागत गेले नाहीत, आणि शाक्यांची कत्तल झाली.

ही कथा आपण फार सांगत नाही. पण बघा, ज्यांच्या सावलीला ते थंड म्हणाले त्याच ज्ञातींनी विटाळापायी पाट धुतला होता. ते निर्दोष आहेत म्हणून ते तिथे बसले नव्हते. आणि अनित्यता ज्यांनी शिकवली तेच उन्हात बसले. म्हणजे गावाचा दोष माहीत असणं आणि गाव पुसलं जाऊ नये म्हणून मध्ये बसणं, ही दोन्ही कामं एकच माणूस करू शकतो. शिवाय ‘सति’ या पाली शब्दाच्या मुळाशीच आठवणं आहे. धरून ठेवणं वेगळं, स्मरण वेगळं. आई लेकीला नमुना शिकवते तेव्हा ती यातलं काय करते, हे आपण बाहेरून ठरवू नये.

आणि आपण तरी सगळं कुठे टाकलं? वतन टाकलं, जातं टाकलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. ज्या जात्यावर विठ्ठल होता त्यावर भीमराय आला. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा बाज ठेवला आणि आशय बदलला. वामनदादांनी तेच गाण्यात केलं. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या पत्राचं नावच ‘मूकनायक’ होतं.

‘मूकनायक’ म्हटलं की मला हंदाला आठवतो. नाजी अल-अली या व्यंगचित्रकाराने १९६९ मध्ये कुवेतच्या वृत्तपत्रात हा अनवाणी, ठिगळं लावलेला दहा वर्षांचा मुलगा काढला. नाव ठेवलं एका कडू फळावरून, आपण ज्याला कडू वृंदावन म्हणतो. १९७३ नंतर या मुलाने पाठ फिरवली, हात मागे बांधले. तो बोलत नाही, नुसता बघतो. नाजी स्वतः दहा वर्षांचा असताना अल-शजरा गावातून लेबनॉनच्या ऐन अल-हिल्वे छावणीत आला होता. परत जाईपर्यंत हंदाला मोठा होणार नाही, असं त्याने ठरवलं होतं. अरब राजे आणि स्वतःचे पुढारी यांनाही त्याने सोडलं नाही. २२ जुलै १९८७ ला लंडनमध्ये त्याच्या वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर त्याला गोळी घातली गेली, २९ ऑगस्टला तो गेला. मारेकऱ्याला आजवर शिक्षा झालेली नाही. वडिलांशेजारी छावणीत पुरावं ही त्याची इच्छा पुरी करता आली नाही.

त्याला पुरलं आहे ब्रुकवूडला. तुमच्यापैकी जे रोज वॉटर्लूची गाडी पकडतात त्यांच्या खिडकीतून हे स्टेशन जातं. हुक, विंचफील्ड, फ्लीट, फार्नबरो आणि मग ब्रुकवूड. त्याच दफनभूमीत पारशी विभागात जमशेटजी टाटा आहेत. मी किती वर्षं त्यावरून गेलो, फोनमध्ये मान घालून.

एक गंमत सांगतो. आपल्या या शहराने १९६० च्या दशकात लंडनच्या जादा वस्तीसाठी आपलंच जुनं बाजारपेठेचं गाव पाडून खरेदी केंद्र बांधलं. पुढे २००० मध्ये माइलस्टोन्स संग्रहालय उघडलं, छताखाली हँपशायरच्या जुन्या गल्ल्या उभ्या केल्या. आपली मुलं शाळेच्या सहलीत तिथे जातात. त्याला राजकारण कुणी म्हणत नाही.

दादांना मी फोन करून विडुडभाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पाट धुतला ते आधी सांग लोकांना, सावली नंतर. टेबलाला त्यांचा अजून होकार नाही, नकारही नाही. ताईंनी मात्र त्या दोघींना विचारून ठेवलं आहे, आणि शेजारच्या टेबलावर आपल्या आयांनी शिवलेल्या वाकळी मांडायच्या असं सुचवलं आहे. तुमच्या घरी जुन्या लुगड्यांची एखादी वाकळ असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. ती कुणी शिवली आणि लुगडी कुणाची होती, तेवढं चिठ्ठीवर लिहून टाचा.