किती किलोव्होल्टवर?

सीटीच्या पडद्यावरचा पांढरा हा रंग नव्हे, हिशेब आहे. क्ष-किरण किती अडले, एवढंच तो सांगतो. आणि अडणं जितकं ऊतीच्या हातात, तितकंच किरणांच्या ऊर्जेच्या.

पाणी ०, हवा उणे १०००. गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या नावाची ही मोजपट्टी. हे दोन आकडे कुठल्याही ऊर्जेला ढळत नाहीत, कारण ते मोजलेले नाहीत, ठरवलेले आहेत. हृदयाचा स्नायू फारसा हलत नाही, चरबी थोडी सरकते. खरी चंचल मंडळी दोनच: आयोडीन आणि कॅल्शियम.

क्ष-किरण नळीचा विद्युतदाब १२० किलोव्होल्टवरून ८० वर आणा. शिरेतून सोडलेला आयोडीनचा डाय तोच, तेवढाच. रक्त मात्र कितीतरी उजळतं. ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वर आयोडीनची भूक एकदम वाढते, आणि दाब उतरवला की जास्त किरण त्या पातळीजवळ येतात. म्हणून सडपातळ माणसाला कमी किलोव्होल्ट, शिवाय कमी डाय. जाड छातीत तेच किरण वाटेतच संपतात नि चित्र रवाळ होतं.

उजेड वाढला म्हणजे दिसलं, असं नव्हे. झळाळतं रक्त आणि धमनीच्या भिंतीतलं कॅल्शियम एकमेकांत मिसळतात. मुळात कॅल्शियमचा ठिपका आपल्या मापाहून फुगून दिसतो. तीन-चार मिलिमीटरच्या धमनीत तो फुगवटा अडथळ्याचं सोंग घेतो. ऊर्जा चढवली की सोंग उतरतं, पण रक्तही फिकं पडतं.

१९९० साली आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम स्कोअर मांडला: १३० हाउन्सफील्ड युनिटांपासून वर ते कॅल्शियम. आज हा स्कॅन १२० किलोव्होल्टवर करण्याचा रिवाज आहे. दुरुस्ती न करता १०० वर केला, तर कॅल्शियमचा तोच खडा १३० ची रेघ सहज ओलांडेल. स्कोअर वाढेल, धमनी होती तशीच. आजारी होण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नसावा.

जुने डिटेक्टर फोटॉनांच्या ऊर्जेची नुसती बेरीज करत. अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेला फोटॉन-मोजणीचा स्कॅनर त्यांची ऊर्जेप्रमाणे वर्गवारी करतो. मग एकाच स्कॅनमधून ४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं चित्र काढा, ७० चं काढा, कॅल्शियम वजा करून पाहा. निवड आता रुग्ण घरी गेल्यावर, खुर्चीत बसून करता येते.

धमनीच्या भिंतीतल्या मऊ, कॅल्शियम नसलेल्या थराच्या (प्लाकच्या) आकड्यांवर मात्र अजून जपूनच विसंबावं लागतं. शेजारून वाहणारं आयोडीन आपली चमक त्याच्यावरही थोडी सांडतं, आणि किती सांडेल हे पुन्हा किलोव्होल्टवर अवलंबून.