ज्यांना कडी नव्हती

१९६८ च्या ऑगस्टात मुंबईच्या उत्तर उपनगरांतील झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेली माणसे निद्रेतच डोक्यावर प्रहार होऊन मरू लागली, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतून गॅलरीत पथारी टाकणाऱ्या कामगारांनीही वळकट्या उचलल्या, आधीच दाटलेल्या खोल्यांत कशीबशी जागा केली आणि दाराला आतून कड्या घातल्या, ही हकीकत त्या पिढीचे लोक अद्याप सांगतात. मात्र ज्यांना घालावयास कडीच नव्हती त्यांच्याविषयी त्या सांगण्यात क्वचितच काही येते, आणि मारले गेले ते बहुतेक तेच होते.

मारेकऱ्याची माहिती मात्र विपुल आहे. रमण राघव ऊर्फ सिंधी दलवाई. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गालगत अशाच हल्ल्यांची मालिका घडली, तेव्हा संशयावरून हा इसम पोलिसांच्या हाती लागला होता, परंतु सबळ पुराव्याअभावी सुटला. पुढे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे घेतली, आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी दफ्तरातील छायाचित्राच्या आठवणीवरून त्याला डोंगरी भागात ओळखून अटक केली. सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये फाशी फर्माविली. पुढे तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याच्याशी वारंवार बोलून तो स्किझोफ्रेनियाने दीर्घकाळ ग्रस्त असल्याचा निर्वाळा दिला, आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती सजा जन्मठेपेवर आणली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला.

उच्च न्यायालयाचा तो निर्णय मला सर्वथा योग्य वाटतो. ज्याची बुद्धीच व्याधीने ग्रासली आहे त्याला फासावर देऊन मृतांना न्याय मिळत नाही. परंतु कबुलीजबाबापूर्वी त्याने कोंबडीचे जेवण मागितले, हा किस्सा अर्धशतक चवीने सांगितला जातो, त्याच्यावर चित्रपट निघतात, आणि त्याच्या बळींची संख्या चाळीसच्या आसपास सांगताना त्यांतील एकाचेही नाव कोणाच्या ओठी येत नाही, याचे मला अतीव दुःख होते. त्या मृतांसारखाच तोही बेघर होता. ज्या इसमाला पत्ता नाही त्याचे वेड ओळखणारा शेजारी नसतो, आणि ज्या झोपलेल्याला भिंत नाही त्याची किंकाळी ऐकणाराही नसतो. या शहराने दोघांनाही एकाच उघड्यावर सोडले होते.

१९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले, तथापि रीतसर सूचना देऊन त्यांना हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. निवाऱ्याचा प्रश्न तेथेच राहिला. आज परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या बाहेर, विदर्भ-मराठवाड्यातून उपचारासाठी आलेली कुटुंबे औषधांच्या पिशव्या उशाला घेऊन रस्त्याकडेला रात्र काढतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते, हे त्या संतांच्या नावाला शोभणारे कार्य आहे. परंतु ते धर्मादायावर सोपवून महापालिकेला आणि सरकारला मोकळे होता येणार नाही. रुग्णालयांच्या परिसरातच, दार आणि पहारेकरी असलेले रात्रनिवारे बांधून देणे हे त्यांचे कर्तव्य आहे, आणि ते मागण्याचे काम, ज्यांच्या दारांना कड्या आहेत, त्या आपले आहे.