मद्यासक्ती : धर्म आणि वैद्यक

दारूच्या व्यसनात सापडलेल्या माणसाच्या घरी सल्ला देणाऱ्यांची वानवा कधीच नसते, आणि त्या सल्ल्यांचे स्थूलमानाने दोनच वर्ग पडतात. थोरली जाऊ म्हणते, भावजींच्या हातात बेलभंडार देऊन खंडोबाची शपथ घ्यायला लावा, नाहीतर सरळ आळंदीला नेऊन गळ्यात माळ घाला. शिकलेला भाचा म्हणतो, मामी, हा आजार आहे, देवधर्माने तो बरा व्हायचा नाही, मामांना दवाखान्यात दाखल करा. दोघेही कळवळ्याने बोलत असतात आणि दोघांनाही आपापल्या पक्षाचे दाखले मुखोद्गत असतात: एकीला माळ घातल्यापासून थेंबालाही न शिवलेला शेजारी आठवतो, तर दुसऱ्याला शपथ घेऊन आठवड्याच्या आत गुत्त्यावर दिसलेला गृहस्थ. या वादाचा इतिहास शांतपणे तपासला, तर एक गोष्ट नजरेत भरते. धर्म आणि वैद्यक यांपैकी ज्याने ज्याने सारा अखत्यार आपल्याकडे ओढला, त्याच्या हातून रोगी निसटला. आणि ज्या थोड्या प्रसंगी दोघांनी आपली हद्द ओळखून रोग्याला परस्परांच्या दारी पोहोचवले, त्या प्रसंगांतूनच व्यसनमुक्तीची आजची समज घडत गेली.

आपल्या परंपरेत ही दोन खाती आरंभापासून वेगवेगळी होती. धर्मशास्त्राने सुरापानाची गणना पंचमहापातकांत केली आणि त्यावर देहान्तापर्यंतची प्रायश्चित्ते सांगितली. त्याच संस्कृतीतील वैद्याने मात्र पातकाचा हिशेब बाजूस ठेवला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय सबंध मदात्ययचिकित्सेला वाहिलेला असून त्यात मद्याचे गुण, मदाच्या अवस्था आणि वातादी दोषांनुसार होणारे विकार यांचे विवेचन आहे. इतकेच नव्हे, तर मद्याने झालेल्या विकारावर योग्य मात्रेतील मद्याचीच योजना करावी, असेही तेथे सांगितले आहे. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिपान करू लागला म्हणजे जडणाऱ्या ध्वंसक आणि विक्षय या दोन व्याधींचा निर्देश तर त्या ग्रंथकाराच्या निरीक्षणशक्तीची साक्ष देतो, कारण सुटलेले व्यसन परत येते आणि परत येताना अधिक दारुण होऊन येते, हे त्याने रोग्याच्या उशाशी बसूनच पाहिले असले पाहिजे. परंतु धर्मशास्त्री आणि वैद्य यांनी एकमेकांची खाती कधी ताडून पाहिली नाहीत. पापी एकाकडे गेला, रोगी दुसऱ्याकडे गेला, आणि हे दोघे एकच इसम आहेत ही गोष्ट दप्तरी दाखल झाली नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्याने उपस्थित झाला. अमेरिकेतील बेंजामिन रश या वैद्याने १७८४ साली कडक दारूच्या परिणामांवर एक निबंध लिहिला, आणि पुढे ब्रिटिश आरमारात नावारूपास आलेल्या टॉमस ट्रॉटरने १७८८ मध्ये एडिंबरो येथे याच विषयावर प्रबंध सादर करून दारूची सवय हा रोग आहे असे प्रतिपादन केले. १८४९ मध्ये स्वीडनच्या माग्नुस हुस याने या अवस्थेला रोगाचे रीतसर नाव दिले. तरीही रोग म्हटल्याने इलाज सापडला असे झाले नाही; खुद्द रशने सुचवलेल्या उपायांत घोट्यावर फोड उठवण्यापासून ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील श्रद्धेपर्यंत सर्व काही होते. या अनिश्चिततेत तिसरा पक्ष पुढे आला, तो म्हणजे राजसत्ता. अमेरिकेने १९२० ते १९३३ देशव्यापी दारूबंदी करून पाहिली आणि ती मागे घेतली. आपल्याकडे आबकारीच्या उत्पन्नावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज सरकारविरुद्ध, पुण्यात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांची फिर्याद जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेपुढे मांडली होती. स्वराज्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पण त्या कायद्यालाही प्रकृतीच्या कारणास्तव मद्य बाळगण्याचा व पिण्याचा परवाना देण्याची सोय ठेवावी लागली, यातच सत्तेची मर्यादा दिसून येते. कायदा दुकान बंद करू शकतो, आणि ते बंद करण्याचे मोल गोरगरिबांच्या घरात थोडे नाही. परंतु ज्याची तलफ दुकानाच्या कुलपाने थांबत नाही, त्याच्यापुरता तो कायदा निरुपयोगी ठरतो.

विचाराला खरे वळण मिळाले ते विसाव्या शतकात, आणि ते एका वैद्याने दिलेल्या पराभवाच्या कबुलीने. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मानुभवांवरील व्याख्यानांत, मद्यासक्तीतून धर्मानुभवाच्या बळावर बाहेर पडलेल्या माणसांची उदाहरणे तटस्थपणे नोंदवली होती. पुढे रोलंड हॅझर्ड नावाचा एक धनिक अमेरिकन गृहस्थ दारू सुटावी म्हणून झुरिक येथे कार्ल युंगकडे गेला, आणि उपचारानंतरही पुन्हा पिऊ लागल्यावर परत त्याच्याकडे आला, तेव्हा युंगने त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले की वैद्यकाकडे आता तुमच्यासाठी काही उरलेले नाही; असे रोगी क्वचित सुधारतात ते एखाद्या उत्कट धार्मिक परिवर्तनानेच. केवढी असाधारण घटना आहे ही! जगप्रसिद्ध मानसचिकित्सक आपल्या शास्त्राची सरहद्द स्वतःच्या बोटाने दाखवतो आणि रोग्याला पलीकडे धाडतो. हॅझर्ड ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळीत सामील झाला, तेथून तो संदेश एबी थॅचरकडे आणि थॅचरकडून १९३४ च्या नोव्हेंबरात त्याचा जुना पिणारा मित्र बिल विल्सन याच्याकडे पोहोचला.

विल्सन हा शेअरबाजारातील माणूस. दारूपायी सर्वस्व घालवून न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात वारंवार दाखल झालेला. त्या वर्षीच्या डिसेंबरात तेथे असताना आपली खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव त्याला आला, आणि त्याने भीतभीत आपल्या डॉक्टरांना विचारले की मला वेड तर लागले नाही ना. डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्या अनुभवाची टर उडवली नाही किंवा त्यावर शास्त्रीय भाष्यही केले नाही. जे काही तुम्हाला लाभले आहे ते घट्ट धरून ठेवा, एवढाच सल्ला दिला. परंतु कथा येथे संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून अधिक बोधप्रद आहे. प्रकाश पाहिलेला विल्सन पुढे कित्येक महिने इतर मद्यपींना देवाचा उपदेश करीत हिंडला आणि त्यांतला एकही सुधारला नाही. तेव्हा सिल्कवर्थनीच त्याला बजावले की प्रवचन पुरे करा. आधी त्यांना हा शरीराचा जीवघेणा आजार आहे हे सांगा, देवाची गोष्ट नंतर. एका वैद्याने रोग्याला धर्माकडे धाडले होते, आणि दुसऱ्या वैद्याने धर्मप्रचारकाला वैद्यकाकडे परतवले. सिल्कवर्थ यांची उपपत्ती अशी की मद्यपीच्या शरीरात दारूविषयी एक प्रकारची अ‍ॅलर्जी असते. शास्त्राच्या कसोटीला ती पुढे उतरली नाही, पण पाप्याला रोगी म्हणण्याचे जे कार्य तिने केले, ते वाया गेले नाही.

या दोन परतपाठवणींचा मिलाफ १९३५ च्या मे महिन्यात ओहायोमधील अ‍ॅक्रन गावी झाला. धंद्याच्या कामात अपयश येऊन हॉटेलात एकाकी पडलेल्या विल्सनला बारमधील गजबज ऐकू येऊ लागली, तेव्हा त्याने ओळखले की आपल्याला या घटकेला दुसऱ्या एखाद्या मद्यपीची गरज आहे. फोनाफोनी करून त्याची गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. येथे आपल्या वादातील दोन्ही पक्षांनी क्षणभर थबकावे, कारण डॉ. स्मिथ यांच्याजवळ वैद्यकाचे ज्ञान होते आणि दोन वर्षांहून अधिक काळ ते ऑक्सफर्ड ग्रुपच्या प्रार्थनासभांनाही जात होते. ज्ञान आणि श्रद्धा एकाच देहात नांदत असूनही तो देह पीतच होता. उणीव होती ती समदुःखी माणसाची, जो उपदेशासाठी न येता स्वतःच्या गरजेपोटी आला आहे आणि ज्याला ही तलफ पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या नसांतून ठाऊक आहे. १० जून १९३५ रोजी डॉ. स्मिथ यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात तर थरथरत होते. विल्सनने ते स्थिर व्हावेत म्हणून त्यांना बिअरची एक बाटली दिली. तीच त्यांची अखेरची दारू. चरकाचा मात्रायुक्त मद्याचा इलाज आणि दोन पीडितांचे सख्य या दोहोंच्या साक्षीने अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना जन्मास आली. तिचा स्थापनादिन म्हणून आजही तोच दिवस मानला जातो.

१९३९ मध्ये या मंडळींनी आपल्या अनुभवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ईश्वर न मानणाऱ्या सभासदांनी हरकत घेतली आणि त्या हरकतीला मान देऊन, त्यात व्यसनमुक्तीसाठी सांगितलेल्या बारा पायऱ्यांतील ईश्वर ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोपवण्यात आला. या मुभेमुळे ही पद्धत देशोदेशी आणि निरनिराळ्या धर्मांत रुजू शकली. तरी तिचे धार्मिक अंग निखालस नाहीसे झाले नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की तिचे स्वरूप धार्मिक असल्यामुळे कैद्यावर तिची सक्ती करता येणार नाही. निवाडा योग्यच होता, कारण सक्तीची शरणागती ही शरणागतीच नव्हे.

दरम्यान शास्त्रही स्वस्थ बसले नव्हते. १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये डायसल्फिराम या औषधाचा गुण ध्यानी आला: ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचून चेहरा तापतो, छाती धडधडते, मळमळते. ही गोळी म्हणजे पोटात घेतलेली शपथच. पण ती घ्यायची की नाही हे रोज सकाळी ज्याने ठरवायचे, तो मद्यपीच असतो. पुढे तलफ उणी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आली. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली, आणि १९६० मध्ये जेलिनेक या संशोधकाने त्या कल्पनेची सांगोपांग शहानिशा केली. अखेर शास्त्राने धर्माच्या अंगणातील गोष्टही मोजायला घेतली. १७२६ रुग्णांच्या, १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बारा पायऱ्यांची पद्धत व दोन मानसोपचारपद्धती यांच्या फलात फारसे अंतर आढळले नाही. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १०,५६५ व्यक्तींचा आढावा घेतला, तेव्हा वर्षाअखेर अखंड मद्यवर्जनाचे प्रमाण बारा पायऱ्यांच्या मार्गाने ४२ टक्के, तर इतर उपचारांनी ३५ टक्के असल्याचे दिसले. या यशाची कारणे शोधणाऱ्या संशोधकांना बव्हंशी काय आढळले? पिणाऱ्यांची संगत सुटून न पिणाऱ्यांची संगत जडणे, आणि आपल्याला हे जमेल हा विश्वास वाढणे.

हे वाचल्यावर वारकऱ्याच्या माळेचा गुण उलगडतो. तुळशीची माळ गळ्यात पडली की मद्यमांस वर्ज्य होते हे खरे. पण ती माळ एकटी येत नाही. तिच्याबरोबर एकादशी येते, दिंडीतली नेमकी जागा येते, पायावर डोके ठेवून आपल्यालाही माउली म्हणणारी माणसे येतात, आणि संध्याकाळी गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलांना भजनाची वेळ येऊन अडवते. ज्याला नुसती शपथ मिळाली आणि फड मिळाला नाही, तो पुन्हा पिऊ लागतो. गाडगेबाबांनी कीर्तनात दारूवर कोरडे ओढले, तेही निषेधाची संस्कृत वचने म्हणून नव्हे, तर समोरच्या श्रोत्याला प्रश्न विचारून आणि त्याच्याच तोंडून उत्तर वदवून. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात मानसोपचार आणि समूहाचे बळ यांची सांगड घालण्यात आली, आणि तेथूनच बरे झालेले रुग्ण पुढे समुपदेशक होऊन नव्यांना हात देऊ लागले. विल्सनला अ‍ॅक्रनमध्ये जे उमगले, तेच येथे मराठीत घडले.

म्हणून माझा निर्णय असा की देहाची सुटका हा वैद्यकाचा अधिकार आहे आणि त्यात बुवा-बाबांनी हात घालू नये; रोज भरपूर पिणाऱ्याची दारू शपथेच्या जोरावर एकाएकी तोडली, तर थरकाप, आकडी, भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते, ही गोष्ट गावोगावी सांगण्याची गरज आहे. उलट, रुग्णालयाने विष उतरवून घरी पाठवलेल्या माणसाची सायंकाळ कशाने भरायची, या प्रश्नाचे उत्तर औषधांच्या चिठ्ठीवर नसते. ते धर्माने फार पूर्वी शोधलेल्या कबुली, संगत आणि सेवा या आचारांत आहे, मग त्या आचारांना देवाचे अधिष्ठान असो वा नसो. ज्यांच्या घरी हे संकट आहे त्यांनी आधी डॉक्टर गाठावा, आणि डॉक्टरांच्या हातून माणूस सुखरूप बाहेर आला की त्याच आठवड्यात त्याला सभेला, दिंडीला, निदान व्यसन सुटलेल्या एखाद्या माणसाच्या घरी नेऊन बसवावे. थोरली जाऊ आणि शिकलेला भाचा या दोघांनीही बरोबर जावे.